चारशे फुटांची ओवी

१४ जानेवारी, कुंडल

आज संक्रांत. देवपूजा आटोपतोय तोवर दारात गाडी थांबली. सांगलीच्या माहितीपट करणाऱ्या ज्ञानदाताई आणि फलटणचा कॅमेरामन धवल पेटी घेऊन आले. ओट्यावर ठेवून मीच झाकण उघडलं. सोळा मिलिमीटरचा जुना कॅमेरा, तीन मॅगझिन, काळी पिशवी. तो तेलाचा आणि धातूचा वास कितीतरी वर्षांनी नाकात गेला.

मुंबईत कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या कंपनीत मी अटेंडंट होतो. कॅमेरा जाईल तिथं जायचं, मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या बंद पेटीत, फिल्म भरायची, संपली की काढून डब्यात बंद करायची. फिल्म गेली, कार्डं आली, आणि मी गावी उसात परत आलो.

आटपाडीच्या पलीकडं माळावर बिरोबाचं ठाणं आहे. तिथं बिराप्पा नावाचे म्हातारे धनगर माघी पुनवेला देवाच्या जन्माची ओवी पुरी म्हणतात. वर्षातून तेवढीच. एरवी कुणी कितीही विनवलं तरी नाही. ज्ञानदाताईंना ती फिल्मवर हवी आहे. मी म्हणालो, मोबाईलवर होईल की. त्या म्हणाल्या, "काका, मोबाईलवर जत्रेतला प्रत्येकजण घेतो. गेल्या वर्षीची एक तरी दाखवा मला."

दाखवायला माझ्याकडं एकही नव्हती. फिल्म भरणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. हो म्हणालो.

ऊस उभाच आहे, तोडणीची टोळी आली नाही. रात्री झोप लागत नाही. पाण्याला उठतो, मग लघवीला उठतो. थंडीत एवढी तहान कशी लागते कोण जाणे. तिळगूळ बाधला असेल.

१७ जानेवारी

वाया गेलेल्या फिल्मवर हात बसवतोय. मॅगझिनचं निम्मं काम अंधारात, निम्मं उजेडात. उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत मॅगझिन आणि डबा घालायचा, दोन बाह्यांतून हात आत घालायचे, आणि डोळ्यांचं काम बोटांनी करायचं. फिल्मची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी बोटाला जराशी धरते. त्यावरून उलट-सुलट ओळखायचं.

आज दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या. शेवटी बाहेर काढून ओठाला लावून पाहिली. ओठाला जी चिकटते ती मसाल्याची, चित्र उमटणारी बाजू. कंपनीतल्या उस्तादानं शिकवलेली युक्ती. पण ओठ काही पिशवीत घालता येत नाही. हल्लीची फिल्म वेगळ्या बनावटीची दिसते.

बायको, मनुबाई, बघत उभी होती. म्हणाली, "काय चाचपताय मगापासनं? कणगीत उंदीर शिरल्यागत."

"काम आहे ते माझं."

"आवं, मग सापडंना का काम?"

मी परत पिशवीत हात घातले. उलट-सुलट कळलं नाही तरी चालतं म्हणा. डब्यातून फिल्म जशी येते तशी बसवली की बरोबरच बसते. बोटांना आपली खात्री हवी असते एवढंच.

२० जानेवारी, आटपाडी

बिराप्पा वाकलेत, पण आवाज घंटेसारखा. त्यांच्यामागं बसून ओळ उचलणाऱ्यांना झिलकरी म्हणतात. त्यातला मुख्य अर्जुना, त्यांचा पुतण्या, चांगला भारदस्त गडी.

त्यांनी मॅगझिन हातात घेऊन वर-खाली केलं. "ह्या डब्यात किती मावतं रं?"

"चारशे फूट."

"आन् फूट कशापायी? माझी ओवी म्हंजी काय हिरीचा दोर हाय, फुटानं सोडायला?"

सगळे हसले. मी सांगितलं, "आप्पा, फिल्म आतून पळते. मिनिटाला छत्तीस फूट. जेवढी पळाली तेवढा वेळ गेला. चारशे फूट म्हणजे अकरा मिनिटं. मोठ्या सिनेमाची फिल्म याच्यापेक्षा रुंद. तिचे चारशे फूट साडेचार मिनिटांतच संपतात."

"रुंद हाय म्हनून लवकर संपती?"

"हो."

"आमचा अर्जुना बी रुंद हाय. त्याच्या म्होरं बी भाकरी टिकत न्हाई."

अर्जुना म्हणाला, "मागनं वढतोय कोन तुमची ओवी? उपाशीपोटी वढू व्हय?"

मग बिराप्पा गंभीर झाले. ओवी अर्ध्या तासाची. मधे तोडायची नाही. देवाला अर्ध्या जन्मात सोडून उठलं तर वाड्यातली मेंढरं दगावतात, असं ते मानतात. मीही असल्या गोष्टी मानतो. तीन मॅगझिनमध्ये ओवी मावते, पण मॅगझिन बदलताना क्षणभर कॅमेरा आंधळा होतो. ज्ञानदाताईंचा चेहरा उतरला.

म्हाताऱ्यांनी जमिनीकडं नजर वळवली. म्हणाले, "ओवी थांबत न्हाई. पर दोन जाग्याला मी थांबतो. ढोल म्होरं हुतो, झिलकरी वढत्यात. तवा बदल तुझा डबा."

अर्जुनानं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

येताना धवल म्हणाला, "काका, एक जरी डबा बिघडला तर पुढच्या माघापर्यंत हात चोळत बसायचं." मला ते माहीत नाही का? पण कुणी बोलून दाखवलं की जड होतं.

२३ जानेवारी

चहाचा पेला हातात धरून बसलो होतो. मनुबाईनं तो घ्यायला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. म्हणाली, "हात लोखंडाचं हायती काय तुमचं?" संध्याकाळी पाहिलं तर अंगठ्याशेजारच्या बोटावर फोड.

परवा उसाच्या सरीत डाव्या पायातली चप्पल राहिली. घराच्या पायरीवर आल्यावर समजलं. डोक्यात सारखी ओवी आहे, त्याचा परिणाम.

२७ जानेवारी

माळावर तपासणीचा डबा चालवला. मेंढरं, बाभळी, ऊन. या कॅमेऱ्यावरचा आकडा मीटरमध्ये चालतो. धवल ओरडला, "काका, तीस राहिलं." मी समजलो तीस फूट. म्हणजे मिनिटसुद्धा नाही. हात वर करून थांबवलं. बघतो तर तीस मीटर, जवळजवळ शंभर फूट, फिल्म कोरी. जन्म फुटांत गेला, आता मीटर कुठं शिकणार? आकड्याशेजारी चिकटपट्टी लावून त्यावर फूट लिहून ठेवले.

धवल हसला नाही. थकल्यासारखा म्हणाला, "पुनवेला असं नको, काका."

३१ जानेवारी, बिरोबाचं ठाणं

उद्या पुनव. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. त्याचा भंडारा मी कायम खिशात बाळगतो. प्रत्येक मॅगझिन पहिल्यांदा भरताना त्यावर भंडाऱ्याचं बोट टेकायचं, हा माझा पहिल्यापासूनचा नेम. नंतर हात धुवायचे, पुसायचे, अंगठा बोटांवरून फिरवून खरखर लागते का बघायचं, आणि मगच पिशवीत हात घालायचे. या नेमानं एकदाही दगा दिला नाही.

पहिलं मॅगझिन दुपारी भरलं. दुसरं घेणार तोच आरतीचा पुकारा झाला. देवापुढं जायलाच हवं. भंडारा असा उधळला की माणसं ओळखू येईनात. केसांत, कानांत, अस्तनीत, सगळीकडं पिवळं. आरतीनंतर ज्ञानदाताई म्हणाल्या, "काका, आंघोळ करून भरा." माळावर पाणी टँकरचं. आंघोळीला कुणाकडं मागणार? तांब्याभर पाण्यात हात चोळून धुतले, कपडे झटकले. अंगठा बोटांवरून फिरवला. लोण्यासारखी गुळगुळीत. दुसरं आणि तिसरं मॅगझिन भरून ठेवलं.

देवा, उद्याचं तुझ्यावर.

१ फेब्रुवारी

झालं. पार पडलं.

थकलोय म्हणून थोडंच लिहितो. ढोल सुरू झाले, बिराप्पा घोंगड्यावर उभे राहिले, आणि पहिल्याच ओळीला माणसं गप्प झाली. देवाच्या आईचं दुःख, मग जन्म. बाळाला पाळण्यात घालायच्या वेळी म्हातारे थांबले. डोळे मिटले, ओठ नुसते हलत होते. अर्जुनानं ओळ उचलली, ढोल वाढले. मी मॅगझिन बदललं, पण नजर त्यांच्या तोंडावरच होती. अंगावर काटा आला. तेव्हा ते देवाशी बोलत होते, यात मला शंका नाही. आजूबाजूच्या बायका पदर पसरून पाया पडत होत्या.

दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या मॅगझिनमध्ये थोडीच फिल्म उरली तेव्हा ओवी संपली. ज्ञानदाताई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी अडवलं. आधी देवाच्या पाया पडा म्हणालो.

३ फेब्रुवारी, कुंडल

हे लिहिलंच पाहिजे. पुनवेला दिवसभर मी अनवाणी होतो. घरी आल्यावर मनुबाई पाय चेपत बसली आणि ओरडलीच. डाव्या टाचेत बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा, आत गेलेला. तिनं सुईनं काढला. रक्त आलं, पण मला काही झालं नाही. चालतानाही दुखलं नाही, काढतानाही नाही.

ती म्हणाली, "आवं, दिवसभर ह्यो घिऊन नाचलासा, कळलं कसं न्हाई?"

मी म्हणालो, "ज्याची सेवा केली त्यानं कळू दिलं नाही."

तिनं काटा देव्हाऱ्यापाशी ठेवला. सकाळी नारळ फोडून गल्लीत खोबरं वाटलं. शेजारची साळूबाई काटा बघायला आली आणि मलाच नमस्कार करून गेली. मला संकोच वाटला. पण मनात कुठंतरी बरंही वाटलं. आयुष्यात मी देवाकडं विशेष काही मागितलं नाही. न मागता त्यानं वेदना काढून घेतली.

२० फेब्रुवारी

ऊस गेला. रान मोकळं दिसतं आणि मीही तसाच झालोय. काही करावंसं वाटत नाही. फिल्मचे डबे लॅबमध्ये धुवायला परदेशी गेलेत. टाचेची जखम अजून ओली आहे. रोज भंडारा दाबतो. दुखत नाही, म्हणून काळजी नाही.

८ मार्च

ज्ञानदाताई एकट्याच आल्या. चहा घेतला नाही. लॅपटॉप उघडून म्हणाल्या, "काका, बघा."

पहिला डबा पाण्यासारखा स्वच्छ. दुसऱ्यात बिराप्पांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक उभी रेघ, बारीक, थरथरणारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधेच तिच्या दोन होतात. तिसऱ्यात आणखी. जणू म्हातारा पावसाच्या धारेमागं उभा राहून गातोय. आवाज वेगळा घेतला होता, तो उत्तम आहे. धुणाऱ्यांनी कळवलंय की फिल्मवर पिवळी कणी सापडली.

मी म्हणालो, "हात धुतले होते. बोटं तपासली होती. गुळगुळीत होती."

"मी तुम्हाला बोल लावत नाही हो."

"गुळगुळीत होती, ताई."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटावरचा फोडाचा डाग पाहिला, आणि हळूच म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. मी कुठल्या बोटाला हात लावलाय, सांगा."

मी मधलं म्हणालो. डोळे उघडले तर त्यांनी करंगळी धरली होती.

त्यांच्या वडिलांना साखरेचा आजार होता म्हणे. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. मनुबाई दारात उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

११ मार्च, सांगली

डॉक्टरीणबाईंनी आडवं केलं. म्हणाल्या, "डोळे मिटा. टोचलेलं कळलं की हो म्हणा." मी मिटून पडलो. मला वाटलं त्यांनी अजून सुरुवातच केली नाही, काहीतरी शोधत असतील. मग एकदम टोचलं. हो म्हणालो. डोळे उघडले तर त्या नडगीच्या मध्यावर होत्या. तळवा, बोटं, घोटा सगळं होऊन गेलं होतं. त्यांनी तिथं पेनानं रेघ ओढली. म्हणाल्या, रेघेच्या वर तुमचं आहे, खालचं सांभाळायचं. हातांच्या बोटांचंही शेंड्यांपाशी तेच. गेलेलं परत येईलच असं नाही. उरलेलं राखता येईल. पाय आणखी महिनाभर तसाच ठेवला असता तर कापावा लागला असता.

विचारलं, साखर किती वर्षं आहे? मला कुठली साखर, असं म्हणणार होतो.

एस.टी.त मनुबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. पलूस आल्यावर म्हणाली, "म्या गल्लीभर खोबरं वाटलं."

घरी आल्यावर देव्हाऱ्यापाशी गेलो. काटा तिथंच होता. उचलून बाहेर टाकला. देवाला काही बोललो नाही.

१८ मार्च, आटपाडी

बिराप्पांना सांगायचं राहिलं होतं. ज्ञानदाताई म्हणाल्या, मी एकटी जाते. मी म्हणालो, हात माझा होता.

सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांनी विचारलं, "म्हंजी माजं गानं गेलं?"

"आवाज आहे. तोंडावर रेघा आहेत."

अर्जुना मला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "भंडारा देवाचाच न्हवं? देवच बसला म्हना डब्यात. त्यानंच वढली रेघ."

पूर्वी मी हेच म्हणालो असतो. आज म्हणालो, "नाही अर्जुना. मला बोटांत कळत नाही. देवाचं नाव त्यात नको."

बिराप्पा काठी टेकत उठले आणि मला वाड्याकडं घेऊन गेले. मेंढरं चरायला गेलेली, नुसता लेंड्यांचा वास. म्हणाले, "गड्या, बाळाला पाळन्यात घालत्यात, त्याच्याम्होरलं मला आठवत न्हाई."

मला कळेना.

"दोन-तीन वर्सं झाली. म्होरं आंधार पडतो. मग मी डोळं मिटतो. अर्जुना वढून न्हेतो, म्होरल्या कडव्याला मी परत सापडतो. लोकास्नी वाटतं म्हातारा देवाशी बोलतोय."

मीही तसंच लिहून ठेवलंय. तसं त्यांना सांगितलं नाही. विचारलं, "अर्जुनाला माहीत आहे?"

"त्यो वढतोय न्हवं? पयल्या साली न्हाई सांगितलं. लाज वाटली. तवा गानं असं पडलं की बायका रडाय लागल्या. मग सांगितलं. लोकास्नी न्हाई सांगितलं तरी चालतं, पर मागं बसतो त्येला सांगाय पायजे."

परत आलो तेव्हा अर्जुना ज्ञानदाताईंना ताक देत होता. म्हातारे त्यांना म्हणाले, "म्होरल्या पुनवंला या. गळा ऱ्हायला तर म्हनतो." मग माझ्याकडं काठी रोखून, "आन् तू बी यायाचं. हात न्हाईत म्हनून घरात बसतुयास व्हय? तोंड हाय न्हवं?"

गाडीत ताई म्हणाल्या, दोन डबे शिल्लक आहेत, एक मिळवेन. भरायला कोण, ते त्यांनी विचारलं नाही. विट्याच्या अलीकडं म्हणालो, "मी भरणार नाही. तुम्ही शिका."

हे बोलायला फार जड गेलं. त्यानंतर घरापर्यंत झोपच लागली.

५ एप्रिल, कुंडल

जखम भरत आलीय. पाय स्टुलावर, चहा बिनसाखरेचा. मनुबाई रोज रात्री कंदील धरावा तसा मोबाईलचा उजेड धरून माझे तळवे बघते. काही लागलंय का, हे आता तिलाच विचारावं लागतं. सवय होत नाही.

ज्ञानदाताई सकाळीच आल्या. वाया गेलेली फिल्म, काळी पिशवी, मॅगझिन. मी खुर्चीवर, त्या समोर चटईवर. हात आत गेले आणि मी सांगू लागलो. डब्याचं झाकण कुठं ठेवायचं, गुंडाळी कशी धरायची, टोक कुठल्या फटीत सारायचं. पहिल्यांदा गुंडाळी सुटून आत सगळा गुंता झाला. दुसऱ्यांदा टोक दुमडलं. मी चिडलो. "असं दाबायचं नसतं! लहान मूल धरलंय असं धरा!"

"काका, मला मूल नाही."

"मला आहेत, तरी मला कुठं कळतंय," असं तोंडून गेलं. दोघंही हसलो.

दुपारी परत बसलो. घाम त्यांच्या नाकावरून ओघळत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. मनुबाईनं पदरानं पुसला. आतून झाकण बसल्याचा खटका ऐकू आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बरोबर झालं का?"

सवयीनं मी पुढं वाकलो. हात बाहीपर्यंत गेले. कितीतरी जणांना असं तपासून दिलंय. त्यांच्या हातांशेजारून आत जायचं, एकदा चाचपायचं, ठीक म्हणायचं. हात तिथंच थांबले. आत जाऊन मला काय समजणार होतं?

हात मागं घेऊन मांडीवर ठेवले.

"परत उघडा," मी म्हणालो. "आणि काय लागतंय ते मला सांगा."

पिशवीत हालचाल झाली. त्यांनी डोळे मिटले होते. "एक बाजू अगदी गुळगुळीत आहे. दुसरी बोटाला जराशी धरते."

"धरणारी कुठल्या अंगाला?"

"आतल्या."

"टोक फटीत सरळ गेलंय?"

"सरळ आहे. कडा दोन्हीकडून सारखी लागतेय."

"बोटाला कुठं कणी, खरखर?"

त्या थांबल्या. सावकाश सगळीकडून बोट फिरवत असाव्यात. मी पिशवीच्या काळ्या कापडाकडं बघत राहिलो. तिथून मला काहीच दिसत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही."

"मग बरोबर आहे," मी म्हणालो. "लावा झाकण."